आई कोणाच्या कार्डावर

८ फेब्रुवारी, रविवार

आई गेली. म्हणजे तशी नाही, धाकटीकडे गेली. पण घर आज तसंच दिसतंय.

धाकटी गाडी घेऊन आली. नवी, पांढरी. आईची बॅग, औषधांचा डबा, काठी, तिची ती विटलेली शाल, सगळं मागे ठेवलं. खुर्चीलाही जागा होती. मी स्वतः वाकून बघितलं, आडवी घातली असती तर आरामात बसली असती. तर आई म्हणते, "राहू दे गं खुर्ची. तिकडे आहे सगळं."

तिकडे आहे सगळं!

ती खुर्ची मी केलेली. आम्ही दिवसभर लोकांचे सोफे-खुर्च्या शिवत, ठोकत बसतो, पण ही एकच घरच्यासाठी केली. आईला खाली बसलं की उठता येत नाही, खुबा पार झिजलाय. म्हणून यांनी पाय उंच करून सांगाडा बनवला, मी आतला फोम बदलून बदलून पाहिला. मऊ झाला की ती रुतायची, कडक झाला की कळवळायची. शेवटी जमला. हातांवर कापड मुद्दाम नाही चढवलं, लाकूड धरून उठता यावं म्हणून. आणि ती खुर्ची इथे, आई तिथे.

कारण काय, तर कार्ड. धाकटीच्या ऑफिसकडून विमा आहे. त्यात ती, नवरा, मुलं आणि आई-वडील. फक्त आई तिच्या घरी राहणारी हवी, तिच्यावर अवलंबून असलेली हवी, अशी अट. धाकटीने जानेवारीतच लिहून दिलं की आई माझ्याकडेच असते. आता ऑपरेशनच्या आधी खरंच नेऊन ठेवली. आमचं दुकान. दुकानवाल्याला कोण कार्ड देतो? सरकारी रुग्णालयात नाव घालून दोन उन्हाळे झाले, अजून बोलावणं नाही.

हे म्हणाले, "पाय बरा होईल, परत येईल. त्यात रडायचं काय?"

मी रडत नव्हते. फोमची धूळ गेली होती डोळ्यात. रविवारी दुकान बंद असतं हे यांच्या लक्षात आलं नाही, बरं झालं.


९ फेब्रुवारी, सोमवार

आईचा फोन. "इथे गरम पाणी नळालाच येतं." बरं.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकानात सभाच भरली. शेजारचा औषधवाला पेपर घेऊन आला. सरकार नवीन कायदा आणणार — सगळ्यांना एकच सरकारी विमा. नोकरी असो नसो, म्हातारा असो तरुण असो. ज्यांना कुणाचंच कार्ड नाही त्यांच्यापासून सुरुवात. म्हणजे आमच्यापासून!

औषधवाल्याला ते मुळीच पसंत नाही. "सरकारी झालं की रांग आलीच. आज खुबा मोडला तर नंबर नातवाच्या लग्नात लागायचा."

हे तोंडात बारीक खिळे धरून ठोकत होते. तसेच बोलले, दातांतून, "आत्ता आम्हाला रांगेत तरी कोण उभं करतंय?"

"अहो, पण खाजगी कंपन्यांत चढाओढ असते. चढाओढ असली की काम नीट होतं."

"होतं ना. धडधाकट माणसासाठी चढाओढ करतात. आजारी माणूस दिसला की दुसऱ्याकडे ढकलायची चढाओढ."

औषधवाला हसला, पण मागे हटला नाही. सरकारी दवाखान्यात त्याच्या मावशीचं काय झालं ते सांगितलं. ते ऐकून मला वाटलं, त्याचंही खरंच आहे. मग यांनी सांगितलं आमच्या एजंटचं. मागे आम्ही आईसाठी खाजगी पॉलिसी घ्यायला गेलो होतो. एजंट गोड बोलला, चहा पाजला, आईचं वय ऐकलं, चेहरा जरा लांबला. खुब्याचं ऐकलं आणि फाइल मिटली. "ताई, खुबा सोडून बाकी सगळं बसवता येईल," म्हणाला. खुबा सोडून! जणू गळका नळ सोडून बाकी घर भाड्याने देतो.

औषधवाल्याने मला विचारलं, वहिनी तुमचं मत काय? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, आणि उशीची शिवण उसवायला लागले.

इथे लिहिते. ज्याच्या हातून माझी आई माझ्या घरी येईल तो माझा पक्ष. सरकारी कार्ड सगळ्यांना मिळालं की धाकटीच्या कार्डाला कोण विचारतो? मग तिची ती कार्डावरची निळी पट्टी मिरवणं संपलं. मला माहीत आहे हे काही उदात्त नाही. वहीला कळलं तर कळू दे.


१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटीकडे जाऊन आलो. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आधी सोफा. करड्या रंगाचा, खोल, बसलं की माणूस गायब. त्यात आई बसलेली. उठवायला धाकटी आणि तिचा नवरा दोन बाजूंनी. मी म्हटलं, हिला उंच बैठक लागते, एवढं तरी कळू नये? धाकटी म्हणाली, "अगं ताई, व्यायाम शिकवायला बाई येते ना रोज, ती बघते ते." रोज! घरी! कार्डावर!

आणि केस. आईचे केस कापले. मानेपर्यंत. दर रविवारी मी वेणी घालायची तिची, आमच्या दोघींच्या गप्पा त्याच वेळी व्हायच्या, आई पुढे तोंड करून असायची म्हणून कुठलंही बोलता यायचं. धाकटी म्हणाली, "धुवायला सोपे जातात." आई आरशात बघून म्हणाली, "बरी दिसते ना गं?" मी म्हटलं, छान दिसतेस. खरंच छान दिसत होती. तेच तर सहन होईना.

जेवताना साडूंची जुंपली. धाकटीच्या नवऱ्याचं म्हणणं, सगळ्यांना सगळं फुकट म्हणजे शेवटी कोणालाच काही नाही. "सरकारी रुग्णालयात एकदा जाऊन बघा साडूसाहेब, मग बोला."

हे म्हणाले, "जाऊन बघतोच की. आम्हाला दुसरीकडे कुठे जाता येतंय?"

"म्हणून म्हणतो, प्रत्येकाने आपला विमा आपण काढावा. बाजारात इतक्या पॉलिस्या आहेत."

"आहेत ना," मी म्हटलं. "आईला एकीनेही घेतलं नाही."

"त्याला आधीपासून काढायला हवी होती. तब्येत चांगली असताना."

तब्येत चांगली होती तेव्हा बाबा अंथरुणावर होते, आणि तुम्ही बोहल्यावर होता, असं म्हणणार होते. आईने हात वर केला. "तुम्ही भांडू नका रे. माझा पाय ऐकतोय सगळं." सगळे हसले. मीही.

निघताना आईने माझा हात धरला आणि मला धाकटीच्या नावाने हाक मारली. लगेच सुधारलं. पण मारली.


१६ फेब्रुवारी, सोमवार

तिला व्यायामाची बाई. मला काय, तर यांच्या साडूंचा टोमणा.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज आईला रुग्णालयात दाखवायचं होतं. मी हट्टाने गेले. धाकटी म्हणत होती, कशाला धावपळ, मी आहे ना. म्हणूनच गेले.

आत शिरल्यावर दोन बाजू. एकीकडे कार्डवाले, दुसरीकडे रोख पैसेवाले. कार्डवाल्यांच्या खुर्च्या मी हाताने दाबून पाहिल्या. दाट फोम, नीट ताणलेलं रेक्झिन, मागच्या बाजूला एक सुद्धा सुरकुती नाही. आमच्या बाजूला प्लास्टिकच्या. म्हणजे आमची बाजू म्हणायचं कारण नाही, मी कार्डवाल्यांच्याबरोबरच बसले होते. पण नजर तिकडेच जात होती. एक बाई नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन बसलेली. हात सुजलेला. खिडकीवरचा माणूस तिला म्हणाला, आधी अर्धे भरा. ती म्हणाली, मुलगा येतोय घेऊन. आम्ही नाव त्यांच्या नंतर घातलं आणि आम्हाला त्यांच्या आधी बोलावलं.

धाकटीने कार्ड पुढे केलं. निळी पट्टी. खिडकीवरच्या माणसाचा आवाजच बदलला. "या ना, मॅडम." डॉक्टर दाराशी उठून आले. आईला म्हणाले, "काय आजी, नाचायचंय ना?" आई लाजली.

डॉक्टरांनी विचारलं, रोजची काळजी कोण घेतं? मी तोंड उघडलं. धाकटी आधी बोलली, "मी. आई माझ्याकडेच असते." बोलावंच लागलं तिला, अट तशी आहे. मला सगळं समजत होतं. तरी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे. तिचं पथ्य, तिचा खोकला, तिची रात्रीची शेक-पिशवी, तिचं भांडण कुणाशी आणि अबोला कुणाशी, सगळं माझ्याकडे. आणि "माझ्याकडेच असते" म्हणायला धाकटी.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

ऑपरेशन अकरा मार्चला ठरलं.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

रोज फोन करते मी. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. आज विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर लगेच येशील ना?"

आई म्हणाली, "बघू. धाकटी म्हणते, दुसराही खुबा याच कार्डावर करून घेऊ. मग सोय एकदमच होईल."

म्हणजे वर्ष. म्हणजे कायमचंच. एकदा नळाचं गरम पाणी अंगाला लागलं की कोण परत येतो?

मी फोनवरच रडले. थांबेचना. आई नुसती "अगं, अगं" करत राहिली. मग म्हणाली, "खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीस ना?" म्हटलं, नाही. खोटं बोलले. काल औषधवाला बसला होता.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीच्या सासूबाई धाकटीशी बोलत नाहीत म्हणे. कारण कळलं नाही. चांगलं झालं, असं मनात आलं. येऊ नये ते येतं.


२ मार्च, सोमवार

औषधवाल्याने बातमी आणली. कायदा अजून व्हायचाय, चर्चा चालू आहे, पण सरकारने घरोघर नोंदणी आधीच सुरू केलीय. कोणाच्या घरी कोण राहतं, कोणाचा विमा आहे, कोणाचा नाही. "माणूस ज्या घरात नोंदलं त्याच घराच्या कार्डावर बसणार. मग बदलत नाहीत," म्हणाला. तो विरोधातला, पण नोंदणीची तारीख बरोबर माहीत.

मी ऐकलं आणि सुईला दोरा ओवायचा विसरले. ज्या घरात नोंदलं त्या घराच्या कार्डावर!

घरी येऊन आईची खोली झाडली. तिची चादर घातली. चपला पलंगाखाली ठेवल्या, जुन्या, पण तिच्या. खिडकीत तिचा चष्म्याचा डबा. हे म्हणाले, "काय, पाहुणे येणार आहेत का?" मी म्हटलं, सरकार.


५ मार्च, गुरुवार

आला! आज आला माणूस!

दुपारी. पाठीवर बॅग, हातात ते काचेचं पाटीसारखं यंत्र. मी दुकानातून नुकतीच घरी आले होते, हाताला गोंद. "आजींबद्दल चौकशी करायची होती, विम्यासाठी," म्हणाला आणि आईचं पूर्ण नाव घेतलं. मी त्याचं ओळखपत्र बघायच्या भानगडीत पडले नाही. त्याने दाखवलं होतं, माझे हात चिकट होते.

"आजी इथे राहतात का?"

"इथेच राहतात. दुसरीकडे कुठे राहणार?"

"कायम?"

"बाबा गेल्यापासून. आत्ता चार दिवस बहिणीकडे गेलीय, पायाचं आहे म्हणून. घर तिचं हेच."

मग काय, मला थांबवेना. खोली दाखवली. पलंग, चपला, शेकायची पिशवी. औषधवाल्याकडच्या जुन्या पावत्यांची पिशवीसुद्धा काढून दिली, किती वर्षांचा खुबा आहे ते कळावं म्हणून. खुर्ची दाखवली. कशी केली ते सांगितलं. त्याने खुर्चीचा फोटो काढला! सभ्य माणूस. विचारलं, बहिणीकडे आधी कधी राहिल्या होत्या का सलग? मी म्हटलं, कधीच नाही. तिला वेळ कुठे असतो?

चहा घेतला त्याने. जाताना म्हणाला, "तुम्ही फार नीट माहिती दिलीत."

हे सरकार फार काळ टिको. संध्याकाळी गुणगुणत उशा भरल्या. हे माझ्याकडे बघत राहिले.


७ मार्च, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी दोन बायका आल्या. गळ्यात सरकारी पट्टे, हातात जाड रजिस्टर. "घरोघर नोंदणी आहे. घरात कोण कोण?" मी म्हटलं, "अहो, परवाच तुमचा माणूस येऊन गेला. सगळं लिहून नेलं."

एकीने दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं. "या भागात आमच्यात पुरुष कोणीच नाही ताई. आम्ही आजच सुरू केलं इथे."

मग तो कोण?

उंबऱ्यातच बसले मी. त्या बिचाऱ्या पाणी आणायला धावल्या. एकीने विचारलं, "काही चोरीला गेलं का?"


७ मार्च, संध्याकाळ

यांना सांगितलं. हे म्हणाले, "धाकटीला फोन कर. आत्ता कर. अजून वेळ आहे."

मी फोन हातात घेतला. धाकटीचा आवाज आला, "ताई, बोल गं, आईला घेऊन बाजारात आलेय, तिला स्वेटर घ्यायचाय ऑपरेशनसाठी. निळा घेऊ की राखाडी?"

मी म्हटलं, निळा.


९ मार्च, सोमवार

झालं. कंपनीने नकार दिला. परवा ऑपरेशन होतं.

धाकटीचा फोन दुकानातच आला. रडत होती, धड कळेना. त्यांचा तपास करणारा माणूस म्हणे फिरत होता. आजी तुमच्याकडे राहत नाहीत, आजार जुना आहे, माहिती चुकीची दिलीत. ऑफिसनेही तिच्याकडे खुलासा मागितलाय. नोकरीवर येईल की काय, तिला धास्ती. मग म्हणाली, "आणि ताई, मी सासूबाईंचं नाव न घालता आईचं घातलं होतं. आमच्या विम्यात एकाच्याच आई-वडिलांना घेतात, नवऱ्याचे नाहीतर आपले. तेव्हापासून घरात अबोला आहे. एवढं करून हे."

म्हणजे ते कारण होतं. मला ते माहीत नव्हतं. आणि मी काय म्हटलं होतं मनात, ते वर लिहिलेलं आहेच. पान फाडावंसं वाटलं.

"त्यांना तुझा पत्ता कुणी दिला कोण जाणे," धाकटी म्हणाली. "मी तर कुठेच लिहिला नव्हता. तुझ्याकडे कुणी आलं होतं का?"

समोर हे उभे होते. तोंडात खिळे होते यांच्या, ठोकत मात्र नव्हते.

मी म्हटलं, "नाही गं."


१० मार्च, मंगळवार

हे आज माझ्याशी फक्त कापडाबद्दल बोलले.


१४ मार्च, शनिवार

आई आली. यांचे साडू सोडायला आले. वर आले नाहीत, खालूनच गेले. यांनी हाक मारली तरी.

जे मागितलं ते मिळालं. आई माझ्या घरात, माझ्या खुर्चीत. निळा स्वेटर घातलेला. खुर्चीचं लाकूड धरून उठायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. महिनाभर व्यायाम झाला होता, जरा बरं होतं, आता पुन्हा तेच. मी धरायला गेले तर म्हणाली, "थांब, येते मीच." आणि कितीतरी वेळ ती तशीच, ना बसलेली ना उभी. मी बघत.

धाकटीवर जळायला आता काही उरलं नाही. तरी जळतंय. आई तिचं नाव किती मायेने घेते. "पोरीने फार केलं गं माझं." केलंच तिने. मी काय केलं?


१८ मार्च, बुधवार

औषधवाला पेपर घेऊन आला. कायद्याचं भिजत घोंगडं. समितीकडे पाठवलाय. समितीत दोन्हीकडचे आहेत, खाजगीवाले आणि सरकारवाले, म्हणजे बसा. "मी म्हटलं नव्हतं?" असं तो म्हणेल म्हणून मी तयारीत होते. म्हणाला नाही. आई दुकानात आली होती माझ्याबरोबर, सोबत आणलेल्या तिच्या खुर्चीत बसली होती. तिच्याकडे बघून म्हणाला, "आजी, गोळ्या मी आणून देत जाईन, तुम्ही चढू नका पायऱ्या."

हे म्हणाले, "सरकारी विमा असता तर तो तपासनीस आलाच नसता. कोण कुठे राहतं याच्याशी त्यांना काय करायचंय?"

औषधवाला म्हणाला, "आणि खाजगी नसता तर ऑपरेशनची तारीखच मिळाली नसती."

दोघंही बरोबर. आईचा खुबा मधल्यामध्ये.

धाकटीचा फोन आला. खुलासा दिला, नोकरी वाचली, ताकीद मिळाली. आता आईचं नाव काढलं म्हणून सासूबाईंचं घालता येईल, असं ऑफिसवाल्यांनी स्वतःच सुचवलं. "घरात बोलणं सुरू झालंय," म्हणाली आणि हसली. ते हसू ऐकून मला पुन्हा रडू आलं. तिला मी कधी सांगणार? आईला तरी?

सरकारी रुग्णालयातून अजून बोलावणं नाही.


२२ मार्च, रविवार

आईचे केस विंचरले. वेणी होण्याएवढे नाहीत, तरी बसवलं तिला पुढे तोंड करून. आणि सांगून टाकलं. तो माणूस आला होता, मीच त्याला सगळं दाखवलं, मीच तुझा खुबा घालवला.

आई वळली नाही. म्हणाली, "माहीत आहे मला. तो आधी धाकटीकडे आला होता, ती ऑफिसात होती. मी त्याला म्हटलं, मी इथे पाहुणी आहे, घर माझं थोरलीकडे. तुझा पत्ता मीच दिला."

माझा हात थांबला.

"रोज फोनवर रडत होतीस तू. म्हटलं, पाय काय, दुखतोच आहे. विंचर ना, थांबलीस का?"